मिस म्हणजे चुकणं की आठवण येणं? इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मिस हा शब्द आपण मराठी बोलतानाच इतका वापरतो की तो वेगळा शिकायला लागेल असं कुणाला वाटतच नाही. बस मिस झाली, लेक्चर मिस केलं, तुला खूप मिस करतेय, त्याचा मिस कॉल होता, सगळं आपोआप तोंडात येतं. अडतं कधी, तर तेच वाक्य पूर्ण इंग्रजीत लिहायची वेळ येते तेव्हा. मग कुणी माय बस मिस्ड लिहितं, कुणी ऑफिसच्या मेलमधे आय मिस्ड टू अटॅच द फाइल असं लिहितं, कुणी लांब गेलेल्या मैत्रिणीला आय ॲम रिमेंबरिंग यू असा मेसेज टाकतं. तिन्ही वाक्यं समोरच्याला अंदाजाने कळतील, पण तिन्ही चुकीची आहेत, आणि माझं ठाम मत आहे की यातल्या बहुतेक चुका इंग्रजी येत नाही म्हणून होत नाहीत, आपलं मराठी वाक्य ज्या पद्धतीने बांधलेलं असतं ते तसंच्या तसं उचलून नेल्यामुळे होतात. म्हणून इथे सुरुवात मराठीपासून करूया, एकेक पायरी घेत. घाई नको, दुसरी आणि तिसरी पायरी पक्की झाली की बाकीचं फार सोपं आहे.

पायरी १ : आधी दोन अर्थ वेगळे करा

पहिला अर्थ चुकण्याचा. गाडी, मीटिंग, नेम, संधी, फोन, औषधाचा डोस, म्हणजे जे आपल्याला मिळायला हवं होतं, गाठायचं होतं किंवा करायचं होतं ते राहून गेलं. आय मिस्ड द ट्रेन, माझी ट्रेन चुकली. आय मिस्ड युअर कॉल, तुझा फोन आला तेव्हा मला घेता आला नाही. कुणी बोललेलं नीट ऐकू आलं नाही तरी हाच शब्द, सॉरी, आय मिस्ड दॅट, म्हणजे सॉरी, ते माझ्या कानावरून गेलं, परत सांगता का. हे शेवटचं वाक्य नवीन माणसाने पहिल्याच दिवशी पाठ करावं असं आहे, कारण समोरचा भराभर इंग्रजी बोलत असेल तर नुसतं व्हॉट म्हणण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं वाटतं.

दुसरा अर्थ आठवण येण्याचा. एखादं माणूस, जागा, सवय, दिवस आता आपल्याजवळ नाहीत आणि ते नसणं आपल्याला जाणवतंय. आय मिस माय सिस्टर, मला बहिणीची फार आठवण येते. आय मिस दोज डेज, ते दिवस आठवतात आणि ते आता नाहीत याचं वाईट वाटतं. इथे एक गैरसमज काढून टाका, आय मिस यू हे फक्त प्रेमात पडलेल्यांनी म्हणायचं वाक्य नाही. आईला, मित्राला, जुन्या शिक्षकांना, ऑफिस सोडून गेलेल्या सहकाऱ्याला, कुणालाही म्हणता येतं. फार औपचारिक नातं असेल तर आय ऐवजी वी वापरतात, वी मिस यू हिअर, आम्हा सगळ्यांना तुमची उणीव जाणवते, आणि ते छान वाटतं.

पायरी २ : वाक्यात पुढे कोण उभं राहणार ते ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, त्यामुळे इथे जरा थांबू. मराठीतली दोन वाक्यं बघा. माझी बस चुकली. मला आईची आठवण येते. पहिल्या वाक्यात चुकली कोण, तर बस. दुसऱ्या वाक्यात येते कोण, तर आठवण. म्हणजे ज्याची बस गेली आणि जो आईला आठवून बसलाय तो मी दोन्ही वाक्यांत कर्त्याच्या जागेवर नाहीच, तो माझी आणि मला होऊन बाजूला उभा आहे. मराठीला हे अगदी नैसर्गिक आहे, मला भूक लागते, मला राग येतो, माझं डोकं दुखतं, आपण अशीच वाक्यं करतो, अनुभव आपल्याकडे येतो आणि आपण तो घेतो.

इंग्रजीत मिस वापरताना मात्र माणूस पुढे आणावा लागतो, अर्थ पहिला असो की दुसरा. आय मिस्ड द बस. आय मिस माय मदर. तर करायचं एवढंच की मराठी वाक्यात माझी, मला, तिची, तिला, त्यांची, त्यांना असं जे काही असेल ते शोधायचं आणि त्याला कर्ता करून वाक्याच्या सुरुवातीला ठेवायचं. माझी, मला याचं आय, तिची, तिला याचं शी, आमची, आम्हाला याचं वी. मग मिस, आणि मग जे चुकलं किंवा ज्याची आठवण येते ते. तिची फ्लाइट चुकली, शी मिस्ड हर फ्लाइट. मुलांना जुन्या शाळेची आठवण येते, द चिल्ड्रन मिस देअर ओल्ड स्कूल.

माय बस मिस्ड ही चूक इतकी पसरण्याचं कारण आपलं मराठीतलं मिस होणं हे आहे. आपण बस मिस झाली म्हणतो, त्यात बस कर्ता आहे, आणि झालीचं डोक्यातल्या डोक्यात भाषांतर होऊन माय बस मिस्ड किंवा माय बस वॉज मिस्ड तयार होतं. म्हणून अडलात की मिस झाली वरून थेट इंग्रजीत जाऊ नका, आधी मराठीतच मी बस मिस केली असं वाक्य करा. कानाला थोडं वेगळं लागेल, पण तिथून इंग्रजीत जाणं सरळ आहे.

दुसऱ्या अर्थात अजून एक धोका असतो, वाक्य उलटं होण्याचा. तिला माझी आठवण येते याचं भाषांतर करताना माझीवर जोर गेला की आय मिस हर लिहिलं जातं, आणि अर्थ बरोब्बर उलटा होतो, म्हणजे मला तिची आठवण येते. बरोबर वाक्य शी मिसेस मी. ज्याचं मन भरून आलंय तो आधी, ज्याच्यासाठी भरून आलंय तो नंतर. हे ज्याला-त्याला प्रकरण दोन-चार वाक्यं लिहून बघितल्याशिवाय बसत नाही, तेव्हा आत्ताच कागद घ्या आणि आजोबांना नातवाची आठवण येते, नातवाला आजोबांची आठवण येते ही दोन्ही वाक्यं लिहून बघा.

वस्तू कर्ता कधीच होत नाही का? होते, पण जी वस्तू नेम धरून सोडलेली असते तिच्याबाबतीत. द बुलेट मिस्ड द टार्गेट, गोळी नेमावर लागली नाही. इथे गोळीच चुकली, म्हणून तीच पुढे. आणि एक सुंदर वाक्य दोन्ही भाषांत जवळजवळ सारखं आहे, काळजाचा ठोका चुकला, माय हार्ट मिस्ड अ बीट. तिथेही इंग्रजी ठोक्याला कर्ता करत नाही बघा, काळजाला करतं.

पायरी ३ : प्रत्येक चुकणं म्हणजे मिस नाही

मराठीतलं चुकणं हे क्रियापद फार मोठं आहे, मिसच्या कितीतरी पलीकडे जातं. म्हणून चुकलं दिसलं की मिस टाकायचं असं केलंत तर अर्ध्या वेळी फसाल. माझ्या मते हे नीट समजायचा सोपा रस्ता म्हणजे चुकण्याचे ढीग करून बघणं.

एक ढीग राहून जाण्याचा, हुकण्याचा. गाडी चुकली, नेम चुकला, मीटिंग चुकली, हप्ता चुकला, वळण चुकलं, पाळी चुकली. इथे सगळीकडे मिस चालतं. आय मिस्ड द टर्न, आय मिस्ड माय पीरियड, शेवटचं वाक्य डॉक्टरांशी बोलताना लागतं आणि ते न लाजता असंच म्हणतात. थोडक्यात, चुकलंच्या जागी हुकलं किंवा राहून गेलं टाकून बघा, अर्थ टिकला तर बहुतेक वेळा मिस.

दुसरा ढीग चूक करण्याचा. माझं चुकलं, उत्तर चुकलं, हिशोब चुकला, स्पेलिंग चुकलं. इथे काही हुकलेलं नाही, काहीतरी चुकीचं झालंय. माझं चुकलं म्हणजे आय वॉज राँग किंवा इट वॉज माय मिस्टेक. आय मिस्ड म्हटलंत तर समोरचा विचारेल, काय मिस केलंस? उत्तर चुकलं म्हणजे आय गॉट द आन्सर राँग. एक बारीक गोष्ट इथे सांगून ठेवते, अमेरिकन लोक परीक्षेबद्दल बोलताना आय मिस्ड टू क्वेश्चन्स म्हणतात तेव्हा दोन उत्तरं चुकली असा अर्थ असतो, त्यामुळे ते ऐकलंत तर दोन प्रश्न सोडवायचे राहिले असंच धरून चालू नका, संदर्भ बघा. स्वतः लिहिताना मात्र गॉट राँग वापरा, त्यात गोंधळ नाही.

तिसरा ढीग हरवण्याचा. रस्ता चुकला, गर्दीत मूल चुकलं. इथे लॉस्ट लागतं. वी लॉस्ट अवर वे, किंवा वी गॉट लॉस्ट. द चाइल्ड गॉट लॉस्ट. वळण चुकलं तर मिस्ड आणि रस्ता चुकला तर लॉस्ट, हा फरक लक्षात ठेवा. वळण एक ठरावीक जागा आहे जी हुकली, रस्ता चुकणं म्हणजे आपण कुठे आहोत तेच कळेनासं होणं.

आणि मग चुकवणं. लेक्चर चुकलं आणि लेक्चर चुकवलं यात किती फरक आहे ते आपल्याला मराठीत सांगावं लागत नाही. मिस या बाबतीत मुका आहे, ही मिस्ड द क्लास यावरून तो आजारी होता, बस मिळाली नाही, की मुद्दाम गेला नाही, काहीच कळत नाही. मुद्दाम म्हणायचं असेल तर स्किप वापरा, ही स्किप्ड द क्लास. नजर चुकवणं, प्रश्न चुकवणं याला अव्हॉइड, कर चुकवणं याला इव्हेड. ऑफिसमधे सुट्टीबद्दल किंवा गैरहजेरीबद्दल लिहिताना हा फरक खरंच महत्त्वाचा आहे, आय स्किप्ड द मीटिंग लिहिलंत तर तुम्ही जाणूनबुजून टाळलं असा अर्थ होतो, आय मिस्ड द मीटिंगने तसा होत नाही.

पायरी ४ : प्रत्येक आठवण म्हणजेही मिस नाही

आठवण हा शब्दही असाच पसरलेला. मला त्याचं नाव आठवत नाही, इथे स्मरणशक्तीचा प्रश्न आहे, आय डोन्ट रिमेंबर हिज नेम. मला औषधाची आठवण कर, इथे एकाने दुसऱ्याच्या लक्षात आणून द्यायचंय, रिमाइंड मी टू टेक द मेडिसिन. तिला बघून मला माझ्या बहिणीची आठवण होते, शी रिमाइंड्स मी ऑफ माय सिस्टर. काल आम्ही तुझी आठवण काढली, इथे मिस म्हणता येईल पण नेमका अर्थ आम्ही तुझ्याबद्दल बोलत होतो असा आहे, म्हणून वी वेअर टॉकिंग अबाउट यू यस्टर्डे, किंवा वी वेअर थिंकिंग ऑफ यू.

आय रिमेंबर यू म्हणजे तू मला आठवतोस, आपण आधी भेटलोय, ओळख पटली. त्यात ओढ नाही. मैत्रिणीला आय ॲम रिमेंबरिंग यू लिहिलंत तर ओढ तर पोचत नाहीच, वर रिमेंबर असं चालू काळात वापरणंही कानाला खटकतं. ओढ असेल, आणि ते माणूस आत्ता जवळ नाही याची खंत असेल, तरच मिस.

आता एक गोष्ट जी मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आवडते. एका शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांपासून इतके लांब कसे असा प्रश्न नवीन माणसाला पडतोच, बस कुठे आणि आई कुठे. पण मराठीत आपण काय म्हणतो बघा, ती गेल्यापासून घरात चुकल्या-चुकल्यासारखं होतंय. इथे कुणाचीही गाडी गेलेली नाही, काही चूकही झालेली नाही, तरी आपण चुकणं हेच क्रियापद घेतो, कारण जे असायला हवं ते जागेवर नाहीये. म्हणजे हा जोड आपल्या भाषेतही आहे. इंग्रजीत त्या दोन अर्थांच्या मधोमध बसणारा एक वापरही आहे, आय डिडन्ट मिस माय वॉलेट अंटिल इव्हनिंग. याचा अर्थ मला पाकिटाची ओढ लागली नाही असा अजिबात नाही, पाकीट खिशात नाही हे संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही असा आहे. हुकणं, मग नसल्याचं लक्षात येणं, मग नसल्याचं दुःख होणं, असे हे एकमेकांना लागून असलेले अर्थ आहेत, आणि हे एकदा डोक्यात बसलं की दोन वेगळे शब्द पाठ केल्यासारखं वाटत नाही.

पायरी ५ : मिसच्या पुढे काय येतं

मिसच्या पुढे थेट नाम किंवा सर्वनाम. मधे टू नाही, ऑफ नाही, विथ नाही. आईला मिस करते यातलं ला भाषांतरात टू होऊन येतं आणि आय मिस टू माय मदर लिहिलं जातं, ते काढून टाका.

क्रिया सांगायची असेल तर तिचं इंग वालं रूप. आय मिस टॉकिंग टू हर, तिच्याशी बोलायचे त्याची आठवण येते. आय मिस वर्किंग विथ यू, तुमच्यासोबत काम करायचो ते दिवस आठवतात, ही जुन्या सहकाऱ्याला लिहायला अगदी योग्य ओळ आहे. मिसच्या पुढे टू आणि क्रियापद असं कधीच येत नाही. म्हणजे आय मिस्ड टू अटॅच, आय मिस्ड टू कॉल यू, डोन्ट मिस टू कम, ही तिन्ही वाक्यं बाद. काही करायचं राहून गेलं असेल तर फरगॉट वापरा. आय फरगॉट टू अटॅच द फाइल. आय फरगॉट टू कॉल यू. डोन्ट फरगेट टू कम. ऑफिसच्या मेलमधे मिस्ड टू इतकं दिसतं की ते बरोबरच असणार असं वाटायला लागतं, पण नाही. विसरलो म्हणायला कमीपणा वाटतो म्हणून बरेच जण मिस्ड घेतात असा माझा अंदाज आहे, तसं असेल तर अजून एक चांगला पर्याय आहे, द अटॅचमेंट वॉज मिसिंग फ्रॉम माय लास्ट मेल, हिअर इट इज. बरोबरही आहे आणि सभ्यही.

खूप हा शब्द कुठे ठेवायचा तेही इथेच बघून घ्या. आय व्हेरी मिस यू होत नाही. आय मिस यू व्हेरी मच, आय मिस यू अ लॉट, आय मिस यू सो मच, हे तिन्ही शब्दप्रयोग नेहमी शेवटी.

पायरी ६ : दोन्ही अर्थ शक्य असतील तेव्हा

कधीकधी वाक्य खरंच दोन्हीकडे झुकतं. वी मिस्ड ईच अदर याचा अर्थ आमची चुकामूक झाली असाही होतो आणि आम्हाला एकमेकांची आठवण येत होती असाही. अशा वेळी तीन खुणा बघायच्या.

पहिली खूण काळाची. आठवणीचा अर्थ बहुतेक वेळा साध्या वर्तमानात येतो, आय मिस यू, कारण ती भावना आत्ताही चालू आहे. चुकण्याचा अर्थ बहुतेक वेळा भूतकाळात, आय मिस्ड द बस, कारण बस एकदाच चुकते आणि विषय संपतो. इंग दोन्हीकडे असलं तरी काळामुळे फरक कसा पडतो ते बघा, आय मिस सीइंग हर म्हणजे ती दिसायची, आता दिसत नाही, त्याची रुखरुख आहे, आणि आय जस्ट मिस्ड सीइंग हर म्हणजे थोडक्यासाठी भेट हुकली. बऱ्याच दिवसांनी भेटल्यावर आय हॅव मिस्ड यू म्हणतात, तिथे भूतकाळासारखं रूप असूनही अर्थ आठवणीचाच, इतके दिवस तुझी आठवण येत होती. आणि निरोप देताना आय विल मिस यू, तुझी आठवण येईल. आय ॲम मिसिंग यू सुद्धा चालतं, ते थोड्या दिवसांच्या विरहासाठी, घरगुती बोलण्यात जास्त.

दुसरी खूण सोबतच्या शब्दांची. जस्ट, निअर्ली, नॅरोली, बाय टू मिनिट्स असं काही असेल तर चुकणं. सो मच, अ लॉट, टेरिबली, बॅडली असेल तर आठवण. वी जस्ट मिस्ड ईच अदर म्हणजे चुकामूक, वी मिस्ड ईच अदर सो मच म्हणजे आठवण. इतका छोटा शब्द आणि पूर्ण अर्थ बदलतो, म्हणून स्वतः लिहितानाही शंका असेल तिथे असा एखादा शब्द घालायची सवय लावा, वाचणाऱ्याला अंदाज करत बसावं लागत नाही.

तिसरी खूण म्हणजे पुढे काय आलंय, माणूस की वस्तू. माणूस असेल तर बहुधा आठवण, गाडी, वेळ, मीटिंग असेल तर बहुधा चुकणं. बहुधा म्हणतेय कारण यावर पूर्ण विसंबता येत नाही. आय मिस्ड यू ॲट द स्टेशन यात माणूस आहे पण अर्थ स्टेशनवर चुकामूक झाली असा. आणि स्वतःची गाडी घेतलेल्या माणसाने आय मिस द बस म्हटलं तर त्याला बसचा प्रवास, खिडकीची सीट, सोबतची माणसं आठवत असतील.

नकारार्थी वाक्यं जपून. पत्ता सांगताना यू कान्ट मिस इट म्हणतात, म्हणजे ती जागा तुमच्या नजरेतून सुटणारच नाही, नक्की दिसेल. आणि एखादी जुनी वस्तू देऊन टाकताना कुणी यू वोन्ट मिस इट म्हणालं तर त्याचा अर्थ तुला तिची गरज भासणार नाही. आय डोन्ट मिस इट म्हणजे ते गेलं याचं मला काही वाटत नाही.

कर्मणी प्रयोगातही दोन्ही अर्थ दिसतात. द डेडलाइन वॉज मिस्ड, मुदत हुकली. आणि कुणी नोकरी सोडून चाललं किंवा कुणाचं निधन झालं तर ही विल बी मिस्ड, शी विल बी डीपली मिस्ड असं लिहितात, त्यांची उणीव भासत राहील. शोकसंदेशात काय लिहावं ते सुचत नसेल तेव्हा हे एक वाक्य पुरेसं आणि आदराचं आहे.

पायरी ७ : मिसिंगचं वेगळं घर

मिसिंग हे विशेषण म्हणून आलं की अर्थ हरवलेला, बेपत्ता, कमी असलेला. माय फोन इज मिसिंग, माझा फोन सापडत नाहीये. टू पेजेस आर मिसिंग, दोन पानं नाहीयेत. इथे मिस्ड लावू नका, माय फोन इज मिस्ड याचा तसा अर्थ होत नाही. आणि आय ॲम मिसिंग एवढंच लिहून थांबू नका, त्याचा अर्थ मीच बेपत्ता आहे असा होतो, मिसिंग नंतर कुणाची आठवण येते ते लिहिलंच पाहिजे. फॉर्म भरताना सम डिटेल्स आर मिसिंग असा मेसेज दिसला तर काही माहिती भरायची राहिलीये एवढाच अर्थ, घाबरायचं कारण नाही. आणि व्हॉट ॲम आय मिसिंग हा प्रश्न फार कामाचा, सगळ्यांना कळलंय आणि मलाच कळत नाहीये असं वाटतं तेव्हा विचारायचा, माझ्या काय लक्षात येत नाहीये?

उच्चाराचं थोडक्यात. लिहिताना आपण मिस्ड लिहितो पण इंग्रजीत शेवटी ड नाही, ट ऐकू येतो, मिस्ट, अगदी धुक्याच्या मिस्टसारखाच. मिसेसचा उच्चार विवाहित बाईंच्या नावाआधी लावतात त्या मिसेससारखाच होतो. आणि मुलींच्या नावाआधी लागणारं मिस हे मिस्ट्रेस या शब्दाचं छोटं रूप आहे, आपल्या क्रियापदाशी त्याचा काही संबंध नाही.

नेहमी भेटणारे काही वाक्प्रचार : मिस आउट म्हणजे एखाद्या चांगल्या गोष्टीला मुकणं, डोन्ट मिस आउट ऑन द फन. मिस द पॉइंट म्हणजे बोलण्यातला खरा मुद्दाच न कळणं. मिस द बोट म्हणजे संधी हातची जाणं. हिट ऑर मिस म्हणजे कधी जमतं, कधी नाही, भरवसा नाही. निअर मिस मात्र नीट समजून घ्या, यात अपघात झालेला नसतो, अगदी थोडक्यात टळलेला असतो. मिस वाचून काहीतरी वाईट घडलं असं वाटतं, पण इथे टक्कर हुकली, म्हणजे सगळे वाचले.

पायरी ८ : आता स्वतः करून बघा

खाली मराठी वाक्यं देते, उत्तर वाचायच्या आधी स्वतः लिहा, मनात नको, कागदावर.

त्याची शेवटची ट्रेन दोन मिनिटांनी चुकली. वाक्यात त्याची आहे, म्हणून इंग्रजीत कर्ता ही, आणि वाक्य असं, ही मिस्ड द लास्ट ट्रेन बाय टू मिनिट्स.

माझं चुकलं, मी तुला आधी सांगायला हवं होतं. इथे मिस नाहीच, आय वॉज राँग, आय शुड हॅव टोल्ड यू अर्लिअर.

तिला तिच्या जुन्या घराची आठवण येते का? डज शी मिस हर ओल्ड हाउस? प्रश्नात डज आलं की मिसेसचं परत मिस होतं, इथे बरेच जण डज शी मिसेस लिहितात.

सकाळचा डोस घ्यायचा राहिला. घ्यायचा आहे म्हणून टू टेक कडे मन ओढलं जाईल, तिकडे जाऊ नका. आय मिस्ड माय मॉर्निंग डोस, किंवा आय फरगॉट टू टेक माय मॉर्निंग डोस. दोन्ही बरोबर, पहिल्यात डोस हुकला एवढंच कळतं, दुसऱ्यात विसरल्यामुळे हुकला हेही कळतं, डॉक्टरांना दुसरं जास्त उपयोगी पडेल.

आजीच्या गोष्टी ऐकायचो, त्याची फार आठवण येते. ऐकायचो ही क्रिया, म्हणून इंग. आय रिअली मिस लिसनिंग टू माय ग्रँडमदर्स स्टोरीज.

आणि हे जरा अवघड, काल मी तुला गेटपाशी शोधत होते पण आपली चुकामूक झाली, मग दिवसभर तुझी आठवण येत राहिली. एकाच वाक्यात दोन्ही अर्थ आहेत. आय वॉज लुकिंग फॉर यू निअर द गेट यस्टर्डे, बट वी जस्ट मिस्ड ईच अदर, अँड देन आय मिस्ड यू ऑल डे. पहिल्या मिस्डला जस्टने सांभाळलं, दुसऱ्याला ऑल डेने, कारण चुकामूक क्षणात होऊन जाते, दिवसभर चालू राहते ती आठवण.